डार्विनला गेलेली माणसं

घर बघायला जाताना मी पर्समध्ये एक गोटी ठेवायचे. लेकीच्या लहानपणीची, काचेची, आत निळी नागमोडी रेघ असलेली. एजंट ओट्याच्या दगडाचं कौतुक सांगत असला की मी खाली वाकायचे, गोटी फरशीवर ठेवायचे आणि ती कुठे पळते ते बघायचे. मेलबर्नच्या पश्चिम टोकाच्या टार्निटची जमीन म्हणजे चिकणमाती. उन्हाळ्यात भेगाळते, हिवाळ्यातल्या पावसानं फुगते, आणि वरचं घर बिचारं तिच्याबरोबर वरखाली होतं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वीस वर्षं पूल आणि पाये हेच करत आलेय. एजंटच्या गोड बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही, गोटीवर आहे.

त्या घरात गोटी जेमतेम वीतभर सरकली आणि थांबली. मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच घर.

"अगं पण हे बँकेचं आहे," नवरा कानाशी पुटपुटला. त्याला कानाशी पुटपुटायची सवयच आहे, लग्नातसुद्धा मंगलाष्टकं चालू असताना पुटपुटत होता.

बँकेचं म्हणजे बँकेनं ताब्यात घेतलेलं. आधीच्या मालकांचे हप्ते थकले, बँकेनं कुलपं बदलली, आणि आता घर लिलावात निघालं होतं, आहे तसं. आहे तसं म्हणजे कसं, ते दिसतच होतं. ओव्हनच्या जागी चौकोनी भोक. दिव्यांचे बल्बसुद्धा काढून नेलेले. भिंतीला टीव्हीच्या खिळ्यांची भगदाडं. मागचं लॉन वाळून कोळ झालेलं. पण खाली एक खोली होती, तिला लागून बाथरूम होती, आणि स्टेशन गाडीनं पाच मिनिटांवर. मला तेवढंच हवं होतं.

आणि परसात, उत्तरेकडच्या विटांच्या भिंतीला टेकून, कढीपत्त्याचं झाड होतं. छातीएवढं, हिरवंगार. मेलबर्नमध्ये कढीपत्ता जगवणं म्हणजे खायचं काम नाही. लोक कुंडीत लावतात, थंडी आली की आजारी माणसासारखं उचलून घरात आणतात, तरी ते पानं टाकतं. हे तर जमिनीत मुळं धरून उभं होतं. मी खाली वाकून माती चिमटीत धरली, ओली होती. भर फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, महिनोन् महिने बंद असलेल्या घराच्या परसात ओली माती, आणि मी इंजिनिअर असून विचार काय केला, तर म्हटलं, वा, ड्रेनेज चांगलं दिसतंय! कप्पाळ माझं.

आता घर कशासाठी हवं होतं ते सांगते. मी आईची एकुलती एक. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई पुण्यात तिसऱ्या मजल्यावर एकटी, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं, त्यामुळे कुणी मदत करू गेलं की 'मला येतं' हे उत्तर तयार. आदल्या वर्षी ती बाथरूममध्ये पडली आणि तशीच पडून राहिली. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवून वाजवून शेजाऱ्यांना बाहेर काढलं म्हणून कळलं. मला तो फोन आला तेव्हा मी साइटवर होते. त्यानंतर पुण्याचा नंबर स्क्रीनवर दिसला की मी हातातलं काम टाकून फोन उचलायचे. आम्ही राहत होतो ते भाड्याचं घर होतं, झोपायच्या खोल्या सगळ्या वर. आईला आणायचं तर खाली खोली हवी, आणि ती आणायचीच होती.

ती हो म्हणाली होती. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मी माझी हुशारी पाजळायला गेले. म्हटलं, आई, बँकेची घरं निघतात लिलावात, नीट बघून घेतली तर फायद्याची पडतात.

पडद्यावर आई हलेचना. मला वाटलं नेट गेलं.

"तसलं घर घेणार असशील तर मी येत नाही," ती म्हणाली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की साताऱ्याला आजोबांचा छापखाना होता, ते एका मित्राला जामीन राहिले होते, मित्र परागंदा झाला आणि घरावर जप्ती आली. आई अकरा वर्षांची होती. बेलिफाच्या माणसांनी एकेक भांडं अंगणात आणून यादी केली होती. घराचा लिलाव झाला, एका वखारवाल्यानं घेतलं. ही माणसं दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत गेली.

"तळतळाट वगैरे तुला जुनाट वाटेल," आई म्हणाली. "मलाही वाटला असता. पण मी दिलाय. शाळेत जाताना रोज त्या घरावरून जायचे आणि मनात म्हणायचे, ह्यांचं वाटोळं होऊ दे."

"मग झालं का त्यांचं वाटोळं?"

"मला काय ठाऊक? मी रोज म्हणत होते, हे मला ठाऊक आहे. कुणाच्या तरी पोरीच्या शिव्या खात मला म्हातारपण काढायचं नाही."

मी भांडले. म्हटलं, आई, बँक ते घर त्यांना परत थोडीच देणार आहे? मी नाही घेतलं तर दुसरं कुणीतरी घेईल.

"मग दुसऱ्या कुणालातरी घेऊ दे," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

माझा स्वभाव मला माहीत आहे. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा मनात बसलं की बसलं. मी लिलावाला गेले.

इथे लिलाव घरासमोर फुटपाथवर होतो, शनिवारी सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. लिलाव करणारा सूटबूट घालून कागदाची गुंडाळी हातावर आपटत, कीर्तनकाराच्या वरताण आवाज लावतो. शेजारीपाजारी कॉफीचे कप घेऊन तमाशा बघायला येतात. समोरच्या बसस्टॉपवर बसलेली माणसंसुद्धा माना वळवून बघत होती. मी माझा पोपटी कुर्ता घातला होता, तो मला लाभतो. नवरा लांब गाडीजवळ उभा. मंडईत जुडीचा भाव करताना आपण निम्मं लक्ष दुसऱ्या गाळ्याकडे आहे असं दाखवतो ना, तशी मी झाडांकडे बघत उभी राहिले. शेवटी एक तरुण जोडपं आणि मी एवढेच उरलो. ती दोघं प्रत्येक बोलीला एकमेकांकडे बघायची. मी कुणाकडेच बघत नव्हते. माझ्या बोलीवर गुंडाळी शेवटची आपटली आणि मी चक्क उडी मारली, भर फुटपाथवर, दोन्ही हात वर करून. ओरडलेसुद्धा. लेक म्हणाली, "मम, प्लीज, पीपल आर वॉचिंग."

बघू देत की! मी जिंकले होते.

संध्याकाळी आईला फोन केला. "घर मिळालं. रीतसर, माणसांकडून घेतलं. त्यांना डार्विनला जायचं होतं. नवऱ्याला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली." हे सगळं मी एका दमात सांगितलं. डार्विन कुठून सुचलं देव जाणे. ऑस्ट्रेलियाच्या पार वरच्या टोकाला, लांब आहे म्हणून असेल, तिथून कुणी सहज बेल वाजवायला येत नाही.

नवरा कपाळावर हात मारून घेत होता. लेकीला बसवून समजावलं, आजीला यातलं अवाक्षर बोलायचं नाही. ती म्हणाली, "मम, दॅट्स सो डॉजी." मी म्हटलं, असू दे डॉजी, एवढी लबाडी चालते.

ताबा मिळाल्यावर मी घर घासायला घेतलं. पुढच्या दाराच्या लाकडी उंबऱ्यात हळद मुरलेली होती, मधे कुंकवाच्या ठिपक्यांचे डाग. दर शुक्रवारी कुणीतरी उंबरा हळदीनं सारवत असणार. मी ब्लीच लावलं, सँडपेपर मारला. रंग फिका झाला, गेला नाही. त्यावर जाड पायपुसणं टाकलं. साइडच्या फाटकाला नुसता दोरीचा फास होता, तिथे मजबूत कुलूप ठोकलं. ओव्हन बसवला, भिंती बुजवल्या. सगळं माझ्या मनासारखं झालं, एक लाँड्रीचं, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीचं, दार सोडून. परसाकडचं ते दार चौकटीत अडकायचं. जमीन हलली की चौकट हलते, इतकं साधं आहे. मी रंधा मारला, बिजागऱ्या बदलल्या, खांद्यानं ढोसलं, लाथा घातल्या. पूल बांधणाऱ्या बाईला एक दार दाद देईना.

आई जूनमध्ये आली, दोन स्वेटर एकावर एक घालून. पहिल्याच दिवशी तिनं पायपुसणं झटकायला उचललं.

"ही हळद कुणाची?"

"डार्विनवाल्यांची."

"बरीच वर्षं लावलेली दिसतेय," ती म्हणाली आणि पायपुसणं परत जागेवर ठेवलं. मी घाईघाईनं तिची बॅग उघडायला गेले.

वर्षभराच्या व्हिसावर आली होती ती. कायमचं राहायचं तर वेगळा अर्ज होता, तो मी छापून, तिची माहिती भरून, फ्रिजवर चुंबकाखाली लावला होता. पत्ता आणि सही एवढंच तिनं करायचं होतं. दर आठवड्याला मी विचारायचे. ती म्हणायची, "बघू." तिच्या त्या 'बघू'नं माझा जीव टांगणीला लागायचा. परत पुणे, परत तिसरा मजला, परत ती बाथरूम. आणि तिला जर कळलं की घर कसलं आहे, तर ती वर्ष संपायचीही वाट बघणार नाही, दुसऱ्या दिवशी विमानात बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. टपालात आधीच्या मालकांच्या नावाचं पाकीट आलं की मी ते आईच्या आधी झडप घालून उचलायचे.

थंडी ओसरली तशी एका शुक्रवारी जेवताना आई म्हणाली, "दुपारी एक बाई आली होती. कढीपत्ता मागायला."

"तिला कसं कळलं आपल्याकडे आहे ते?"

"कुंपणाच्या फळ्यांमधून दिसतो की. हैदराबादची आहे. आता जवळच वेरिबीला राहते, म्हाताऱ्या माणसांच्या होममध्ये काम करते. शुक्रवारी सुट्टी असते. मी म्हटलं, येत जा."

मला बरं वाटलं. आईला दिवसभर बोलायला माणूस नव्हतं. नवरा, मी, लेक, सगळे सकाळी घराबाहेर. आता शुक्रवार बोलका झाला. फ्रिजमध्ये परके डबे दिसायला लागले. एकदा अंबाडीची चटणी होती, आई म्हणाली ते लोक अंबाडीला गोंगुरा म्हणतात, आपल्यापेक्षा तिखट करतात. आईचं हिंदी शाळेच्या परीक्षांमधलं, 'कृपया आसन ग्रहण कीजिए' छापाचं. ते ऐकून ती बाई हसून हसून बेजार होते, असं आईच सांगायची.

त्याच सुमारास आईला डार्विनची फार काळजी वाटायला लागली.

"डार्विनला फार उकडतं ना गं? त्या लोकांना सोसतं का?"

"एसी असतो आई सगळीकडे."

"पाऊसही धो धो, नाही का? घर कसं आहे त्यांचं तिकडे?"

"मोठं आहे," मी ठोकून दिलं. "ह्याच्यापेक्षा मोठं."

"बरं झालं बाई," आई म्हणायची. "आणि कढीपत्ता?"

"भरपूर. तिकडे तर रानासारखा वाढतो."

मी फोनवर डार्विनचं हवामान बघून ठेवायला लागले होते. उगाच चूक नको. नवरा म्हणायचा, सांगून टाक एकदाचं, किती दिवस निभावून नेणार? मी म्हणायचे, अर्जावर सही होऊ दे, मग सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जानेवारीतला एक शुक्रवार. उन्हानं कहर केला होता. साइट दुपारी बंद केली, गाड्या रखडत होत्या, मी घामानं निथळत दोनच्या सुमारास घरी पोचले. गॅरेजमधून आत आले, स्वयंपाकघरात पाणी प्यायला उभी राहिले. समोर लाँड्री, तिच्यापलीकडे ते दार. अशा उन्हात त्या दाराची भिंतच व्हायची. बाहेरून कुणीतरी हँडलला हात घातला. मी मनात म्हटलं, बस ढकलत.

हँडल दोन बोटांनी वर उचललं गेलं, त्याच्या खाली कमरेचा एक हलका धक्का बसला, आणि दार उघडलं. लोण्यातून सुरी जावी तसं. एक चाळिशीची बाई आत आली, कामाचा निळा टीशर्ट, काळी पँट, हातात कढीपत्त्यानं भरलेला स्टीलचा वाडगा. दार तिनं मागे न बघता टाचेनं लावून घेतलं.

सात-आठ महिने मी त्या दाराशी झुंजत होते. ही युक्ती कुणी आठवड्यातून एकदा येऊन शिकत नाही. हे वर्षानुवर्षांचं अंगवळण होतं. मला एका क्षणात सगळं कळलं, आणि माझं डोकं फिरलं. भीतीनं फिरलं, खरं सांगायचं तर. हिनं आईला सांगितलं तर?

"कौन चाहिए?" मी विचारलं. साइटवर फुकट्या माणसाला विचारावं, त्या आवाजात.

ती जागच्या जागी थांबली. वाडगा छातीशी धरला. "जी... आंटी..."

आई आपल्या खोलीतून आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी इतक्या सहज म्हणाली, "आलीस का तू? बरं झालं. ही आपली डार्विनवाली."

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास मी ओट्यावर ठेवला. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"तुला... कधीपासून?"

"दुसऱ्याच शुक्रवारी. हात धुवून येते म्हणाली आणि मला न विचारता गेली. त्या बाथरूमच्या दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे. मला ते सापडायला चार दिवस लागले होते." गणिताच्या बाई पायऱ्या लिहीत होत्या. "मग मी सरळ विचारलं, हमको कितनी गालियाँ देती हो?"

"आई!"

"ती म्हणाली, रोज, आंटी. बस में बैठकर. मी म्हटलं, दे. पण चहा पिऊन दे."

त्या बाईला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिनं वाडग्याआड तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मला मात्र राग आला होता, आणि राग आला की मी आधी भांडते, मग विचार करते.

"मग मला का नाही सांगितलंस? चार महिने मी त्या डार्विनचं हवामान पाठ करतेय!"

"तू इतकं छान सांगत होतीस," आई म्हणाली. "मला ऐकायला मजा येत होती."

तिनं त्या बाईला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. माठ आईनंच हट्टानं आणवला होता. बाई हळूहळू बोलायला लागली. तिच्या नवऱ्याच्या कुरिअरच्या गाड्या होत्या, धंदा बसला, मग घरही बसलं. बँकेनं कुलपं बदलली तेव्हा सामान नेता आलं, झाड नेता येईना. मुळं खोल गेलेली, उपटलं तर मरेल. मग घर बंद असताना ती वेरिबीहून बसनं यायची, दोन बाटल्या पाणी घेऊन, कारण बाहेरचा नळ तोडलेला होता. साइडच्या फाटकाचा फास सोडून आत यायची, पाणी घालायची, जायची. पुढे त्या फाटकाला कुलूप लागलं.

ते कुलूप माझंच होतं.

"ऑक्शन में भी आई थी मैं," ती म्हणाली. "सामने बसस्टॉप पे बैठी थी. आपने हरा कुर्ता पहना था."

मी मारलेली ती उडी मला आठवली. दोन्ही हात वर. मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"आई, पण तूच म्हणाली होतीस," मी अजून लढत होते, "असलं घर घेतलंस तर येणार नाही. शिव्या खायच्या नाहीत."

"म्हणाले होते. अर्धंच सांगितलं होतं तुला." आई ओट्याला टेकून उभी राहिली. "तू आत्ता हिला काय विचारलंस?"

"काय विचारलं? घरात परकी बाई दिसली तर..."

"कोण पाहिजे, असं विचारलंस."

मी ओट्यावरचा ग्लास परत उचलला.

"साताऱ्याच्या घराच्या मागच्या दारी जाईचा वेल होता. मी लावलेला. जप्तीनंतर वर्षभरानं, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन येताना, मी धीर करून त्या घराची कडी वाजवली. चार फुलं मागायची होती, एवढंच. त्या बाईनं दार उघडलं. आमच्या दारात उभी राहून तिनं मला विचारलं, कोण पाहिजे? मी म्हटलं, कुणी नाही. तिनं दार लावलं."  आई बासष्ट वर्षांपूर्वीचं सांगत होती, पण वखारवालीचा स्वर हुबेहूब लावला होता. "घर घेतलं म्हणून मी शिव्या देत नव्हते गं. घर कुणीतरी घेणारच होतं, तुझंच म्हणणं. त्या दिवसापासून देत होते."

 मी त्या बाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती. मला लाज वाटली. घर घेतल्याची नाही, ती मला आजही वाटत नाही. व्यवहार चोख होता आणि मला आईसाठी ती खोली हवीच होती. लाज वाटली त्या दोन शब्दांची. ती वखारवाल्याची बायको कशी दिसत असेल ते मला आता नेमकं कळलं. माझ्यासारखी दिसत असणार.

"माफ करना," मी म्हटलं. माझं हिंदीही आईच्याच वळणाचं. "साइडच्या फाटकाचं कुलूप आजच काढते. तुम्ही केव्हाही..."

"कुलूप राहू दे," आई म्हणाली. "चोरासारखं मागून कशाला? ती येते तशी पुढच्या दारानं येईल." मग माझ्याकडे वळून, "तिची ओटी भर."

"मी?"

"घर कुणाच्या नावावर आहे?"

आईच्या बॅगेत पुण्याहून आणलेले ब्लाउजपीस होते, त्यातला मोरपंखी काढला. डब्यातले तांदूळ ताटात घेतले. नारळ नव्हता. एवढ्यात, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असल्यामुळे दिवसभर वर लोळत असलेली लेक खाली आली, सगळ्यांची तोंडं बघितली, आणि काय चाललंय ते विचारून एक अवोकाडो पुढे केला. "फ्रूट इज फ्रूट, राइट?" आई म्हणाली, चालतं. मी तिला हळदकुंकू लावलं. त्या बाईला पदर नव्हता. तिनं कामाच्या टीशर्टची कड दोन्ही हातांनी पुढे धरली.

मी तांदूळ घातले तशी ती एकदम म्हणाली, "ओडि बिय्यम." मग आम्हाला कळलं नाही हे बघून म्हणाली, "हमारे यहाँ भी भरते हैं. मायके में. माँ भरती है, बेटी ससुराल जाने लगे तब."

आईनं मान हलवली, आम्हालाही तेच म्हणायचंय अशी. मी टीशर्टमध्ये ब्लाउजपीस ठेवला, अवोकाडो ठेवला, वर कढीपत्त्याचा एक डहाळा ठेवला. माहेरवाशिणीला म्हणतात ते मराठीतच म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते मला म्हणता येत नाही. "येत जा."

"आती हूँ," ती म्हणाली.

निघताना तिनं मला लाँड्रीच्या दाराची युक्ती दोनदा करून दाखवली. आधी उचलायचं, मग कमर. मला तिसऱ्या खेपेला जमलं. मग ती पुढच्या दारानं गेली. जाताना पायपुसणं बाजूला सरकवलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि ओटी सांभाळत बसस्टॉपकडे चालायला लागली. बाहेर भट्टी पेटली होती, एसीची सगळी गार हवा निघून जात होती, पण बस येईपर्यंत आईनं दार लावू दिलं नाही.

मग ती आत येऊन टेबलाशी बसली. "तो फ्रिजवरचा कागद आण," म्हणाली. "आणि माझा चष्मा."

मी दोन्ही आणून दिलं. तिनं सही केली. पत्ता मला न विचारता लिहिला.